सहा बिंदूंची लिपि : लुई ब्रेल

मनुष्यास ज्ञान मिळवून देणाऱ्या साधनांत लेखन-वाचनाचें स्थान फार वरचें आहे. डोळस मनुष्याला हें साधन इतक्या सहजतेनें लाभतें कीं, त्याचें मोल त्याच्या ध्यानांतहि येत नाहीं. परंतु ज्यांच्या वाट्यास अंधत्व आलें, त्यांना हें दार शेंकडों वर्षें जवळ जवळ बंदच होतें. तें ज्यानें उघडलें तो स्वतः अंध होता, आणि आपला शोध त्यानें बव्हंशीं सिद्ध केला तेव्हां त्याचें वय अवघें पंधरा वर्षांचें होतें. त्या लुई ब्रेलचें चरित्र प्रत्येक विद्यार्थ्यानें मनन करण्यासारखें आहे.

फ्रान्स देशांत पॅरिस शहराच्या पूर्वेस कूव्रे नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें ४ जानेवारी १८०९ रोजीं लुईचा जन्म झाला. चार भावंडांत तो सर्वांत धाकटा. वडील घोड्यांचीं खोगिरें व चामड्याचें सामान तयार करीत. लुई तीन वर्षांचा असतां एके दिवशीं बापाच्या कारखान्यांत खेळूं लागला. चामड्यास भोक पाडण्याची आरी त्याच्या हातीं आली, आणि ती निसटून त्याच्या एका डोळ्यांत शिरली. जखम चिघळली, विकार दुसऱ्या डोळ्यासहि जडला, आणि पांचवें वर्ष लागेपर्यंत त्याची दृष्टि पूर्णपणें गेली.

अशा मुलाच्या नशिबीं त्या काळीं बहुधा भीक मागणें येई. परंतु लुईचे आईबाप शहाणे होते. त्यांनीं त्याला काठीच्या आधारानें गांवांत एकटें हिंडावयास शिकविलें. गांवच्या धर्मगुरूंनीं त्याची तल्लख बुद्धि ओळखून त्याला धडे दिले व पुढें गांवच्या शाळेंत घालविलें. तेथें तो कानांनीं ऐकलेलें सर्व ध्यानांत ठेवी आणि पुष्कळदां डोळस मुलांच्या पुढें जाई. मात्र मुलें पुस्तक उघडून वाचूं लागलीं म्हणजे त्याला स्वस्थ बसावें लागे.

१८१९ सालीं, दहाव्या वर्षीं, त्याला पॅरिस येथील अंध मुलांच्या राजकीय विद्यालयांत प्रवेश मिळाला. व्हालांतीन आवी नांवाच्या दयाळू गृहस्थानें ही संस्था अठराव्या शतकाच्या अखेरीस काढली होती. त्यानें अंधांसाठीं पुस्तकेंहि केलीं होतीं. ओला जाड कागद मोठ्या खिळ्यांवर दाबून नेहमींचींच अक्षरें उठावदार करावयाचीं, आणि मुलांनीं त्यांवर बोट फिरवून तीं ओळखावयाचीं, अशी ती रीत होती. हेतु उत्तम, परंतु एक एक अक्षर चांचपून ओळखण्यांत फार वेळ जाई. पुस्तकें अवजड व महाग असल्यामुळें संख्येनें थोडीं होतीं. शिवाय ह्या रीतीनें मुलांना स्वतः कांहींच लिहितां येत नसे. वही नाहीं, टिपण नाहीं, आईला पत्र नाहीं! ह्या सर्वांचें मूळ एकाच समजुतींत होतें. डोळसांचीं अक्षरें जशीं दिसतात तशींच तीं अंधांनींहि वाचलीं पाहिजेत, असें सर्वजण धरून चालले होते.

१८२१ सालीं शार्ल बार्बिये नांवाच्या एका लष्करी अधिकाऱ्यानें आपली नवी युक्ति विद्यालयास कळविली. कागदावर टोंचणीनें उठावाचे बिंदु पाडावयाचे, आणि त्यांच्या मांडणीवरून उच्चार ओळखावयाचे. बिंदु बोटाला चटकन् कळतात, हें पाहून लुईला आनंद झाला. पण दोष ध्यानीं येण्यास त्याला वेळ लागला नाहीं. बार्बियेच्या एका चिन्हांत बारापर्यंत बिंदु असत. तें चिन्ह बोटाच्या टोंकाखालीं एकदम मावत नसे. त्यांत केवळ ध्वनि होते, शब्दांची शुद्ध वर्णरचना नव्हती. विरामचिन्हें व आंकडे ह्यांचीहि सोय नव्हती. लुईनें दिवसाचा अभ्यास संपल्यावर व सुटींत घरीं टोंचणी घेऊन प्रयोग चालविले, आणि १८२४ पर्यंत आपली लिपि बहुतेक सिद्ध केली. १८२९ सालीं तिचें पुस्तक प्रसिद्ध झालें, व १८३७ सालीं सुधारलेली आवृत्ति निघाली.

ह्या लिपीची रचना किती सुबोध आहे पाहा. तिच्या घरांत केवळ सहा बिंदूंच्या जागा आहेत. डाव्या ओळींत वरून खालीं पहिला, दुसरा व तिसरा. उजव्या ओळींत चौथा, पांचवा व सहावा. प्रत्येक जागीं बिंदु असेल किंवा नसेल. ह्या दोनच गोष्टींतून चौसष्ट मांडण्या होतात, आणि कोरी जागा वगळली तर त्रेसष्ट चिन्हें हातीं येतात. लुईनें हीं चिन्हें कशींहि वाटलीं नाहींत. त्यांचे वर्ग पाडले. ‘ए’ पासून ‘जे’ पर्यंतचीं पहिलीं दहा अक्षरें वरच्या चारच बिंदूंत बसविलीं. त्यांसच तिसरा बिंदु जोडला कीं ‘के’ पासून ‘टी’ पर्यंतचीं पुढचीं दहा होतात. तिसरा व सहावा असे दोन्ही जोडले कीं तिसरा वर्ग तयार! ज्याला पहिलीं दहा आलीं, त्याला पुढचीं जणूं आपोआप येतात. अंकांसाठीं निराळीं चिन्हें पाठ करण्याचेंहि कारण नाहीं. आधीं एक अंकचिन्ह टोंचलें कीं पुढचीं तींच पहिलीं दहा अक्षरें १ पासून ९ व शेवटीं ० अशीं वाचावयाचीं. मोठें अक्षर दाखवावयाचें असल्यास तसेंच एक सूचक चिन्ह आधीं येतें.

लुई पुढें त्याच विद्यालयांत शिक्षक झाला. त्याला संगीताची उत्तम जाण होती. पॅरिसच्या एका मंदिरांत तो ऑर्गन वाजवीत असे, आणि त्यानें आपल्या बिंदूंत संगीताचे स्वरहि बसविले. अंधानें डोळस मित्राला पत्र कसें लिहावें, ह्याचाहि त्यानें विचार केला. १८३९ सालीं त्यानें बिंदूंनींच नेहमींच्या अक्षरांचे आकार काढण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि फूको नांवाच्या अंध मित्रानें तिच्यासाठीं एक यंत्र बनविलें.

इतकें असूनहि ह्या लिपीस मान्यता मिळाली नाहीं. १८४० मध्यें विद्यालयाचे जुने मुख्याधिकारी जाऊन द्यूफो हे आले. अंधांची लिपि डोळसांहून निराळी असूं नये, असें त्यांचें मत होतें, व त्यांनीं बिंदूंच्या लिपीला विरोध केला. पण मुलांना एकदां लिहिण्याचें सुख कळलें होतें. तीं गुपचूप लिहीतच राहिलीं. त्यांची ही तळमळ पाहून द्यूफोचे सहायक ग्वादे ह्यांचें मन वळलें, आणि १८४४ सालीं विद्यालयाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगीं ह्या लिपीचा जाहीर गौरव झाला. लुईला मात्र क्षयानें ग्रासलें होतें. ६ जानेवारी १८५२ रोजीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, त्याचें देहावसान झालें. त्यानंतर दोन वर्षांनीं फ्रान्समध्यें त्याची लिपि अधिकृतपणें स्वीकारण्यांत आली. १९५२ सालीं, मृत्यूच्या शताब्दीस, त्याच्या अस्थि पॅरिसच्या पॅन्थिऑन ह्या राष्ट्रीय स्मारकांत नेण्यांत आल्या. हातांचे अवशेष मात्र कूव्रे गांवानें आपल्यापाशींच ठेविले.

आपल्या देशांत पूर्वीं अनेक निरनिराळ्या ब्रेल पद्धति होत्या. १९५१ सालीं ‘भारती ब्रेल’ ही एकच पद्धति ठरली. तींत ‘अ’ म्हणजे केवळ पहिला बिंदु, आणि ‘क’ म्हणजे पहिला व तिसरा. डोळस मराठी मुलाला बंगाली ‘क’ वाचतां येत नाहीं. पण अंध मराठी मुलाच्या बोटाला तो आपलाच वाटतो.

संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस ह्या चरित्रांत आणखी एक मौज दिसेल. संगणकालाहि अक्षराचें रूप दिसत नाहीं. त्याच्या लेखीं प्रत्येक अक्षर म्हणजे ‘आहे’ व ‘नाहीं’ अशा खुणांनीं मांडलेला एक आंकडा असतो. आस्की नांवाच्या संकेतांत इंग्रजी मोठा ‘ए’ ६५ आहे व लहान ‘ए’ ९७. दोहोंत अंतर ३२ चें, म्हणजे एकाच खुणेचें. जसा ब्रेलच्या ‘ए’ व ‘के’ मध्यें एकाच बिंदूचा फरक! १९७२ च्या सुमारास अमेरिकेंत डेनिस रिची ह्यानें रचलेल्या ‘सी’ ह्या संगणकभाषेंत ‘इज-अल्फा’, ‘इज-डिजिट’ अशीं तयार साधनें आहेत. हें चिन्ह अक्षर आहे काय, अंक आहे काय, असें त्यांना विचारतां येतें. आणि ‘टू-अपर’ हें साधन लहान अक्षराचें मोठें करून देतें. तेथेंहि ‘७’ हें चिन्ह व सात ही संख्या एक नव्हेत. आस्कींत त्या चिन्हाचा आंकडा ५५ आहे. त्यांतून शून्याच्या चिन्हाचा ४८ वजा केला म्हणजे खरे सात मिळतात. चिन्हाचा वर्ग आधीं ओळखावा व मग त्याचा अर्थ लावावा, हा धडा अंकचिन्ह वाचणाऱ्या अंध मुलांच्या बोटांनीं संगणकाच्या कितीतरी आधीं गिरविला होता.

विद्यार्थिमित्रांनो, आवीचें अंतःकरण थोर होतें आणि बार्बिये कल्पक होता. पण वाचावयाचें होतें तें लुईच्या बोटांना. ज्याची अडचण, त्याच्याच बोटांना तिचें उत्तर सांपडलें. म्हणून दुसऱ्यास साह्य करितांना आपल्याला काय सोयीचें आहे हें न पाहतां, त्याला काय हवें तें आधीं त्यालाच विचारावें. आणि ज्या आरीनें दृष्टि नेली तशाच टोंकदार टोंचणीनें ज्या मुलानें असंख्य अंधांना वाचा दिली, त्याची आठवण आपलें पुस्तक उघडतांना कधीं कधीं तरी करावी.