लीळासंग्राहक पंडित म्हाइंभट

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ अनादी आहेत, हे मार्गातील लहानथोर सर्व जाणतात. तेव्हा आयुष्य क्षणभंगुर आहे असे आपण म्हणतो, त्या वेळी ती क्षणभंगुरता जीवाची नसून नरदेहाची असते. जीव एक देह टाकून कर्मानुसार दुसरा घेतो. जाते ते हे ज्ञानास योग्य असलेले शरीर. आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट जाते. त्या देहाच्या डोळ्यांनी जे पाहिले व कानांनी जे ऐकले, तेही त्याच्यासवे संपते. या दुसऱ्या हानीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ती ज्यांना मनापासून बोचली व जिच्यावर ज्यांनी उपाय केला, ते पंडित म्हाइंभट होत.

म्हाइंभट सराळे गावचे. शास्त्रनिपुण, वादकुशल, आणि अशा पंडितांस जडतो तो विद्येचा अभिमानही त्यांस जडलेला होता. आचार्य श्रीनागदेव ऊर्फ भटोबास यांच्यापुढे तो अभिमान गळाला आणि ते मार्गात आले. त्यांच्या पूर्वायुष्याविषयी याहून अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. स्वतःविषयी बोलण्याची हौस त्यांस नव्हती; त्यांच्या ग्रंथात त्यांचे स्वतःचे असे फार थोडे आहे.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी शके ११९६ (इ. स. १२७४) च्या सुमारास उत्तरापंथे गमन केले. आचार्य व इतर भक्तजन स्वामींच्या आज्ञेप्रमाणे ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. प्रभूंचे सन्निधान होते, तथापि सर्वज्ञांचा वियोग आचार्यांच्या अंतःकरणात अखंड जागा होता. ऋद्धिपुरी वाजेश्वरीच्या देवळात एकांती बसून ते स्वामींच्या एकेका लीळेचे मनन करीत. हे मनन म्हाइंभटांच्या दृष्टीस पडले. आचार्य काय करीत आहेत हे त्यांनी विचारले आणि सर्वज्ञांच्या लीळांचे स्मरण चालले आहे हे कळताच, त्या आपणांस सांगाव्यात व आपण त्या लिहून घ्याव्यात, अशी विनंती केली. आचार्यांनी ती मान्य केली.

या विनंतीचे मोल नीट जाणले पाहिजे. परमेश्वर नित्य आहे. त्याच्या ठायी ऱ्हास नाही, वृद्धी नाही. परंतु जीवोद्धरणासाठी तो मनुष्यवेष धारण करतो, तेव्हा त्याचे सन्निधान काही वर्षांचेच असते. नंतर असन्निधानाचा काळ येतो. त्या काळात साधकास आधार असतो तो नाम, लीळा, मूर्ती व चेष्टा यांच्या स्मरणाचा. आता विचार करा. ज्यांनी स्वामींस पाहिले ते स्मरण करू शकतील. ज्यांनी पाहिले नाही, त्यांनी काय आठवावे? आचार्य आहेत तोवर त्यांस विचारता येईल. महदाइसा आहेत तोवर त्यांस विचारता येईल. त्यांच्यामागे जन्मास येणाऱ्या अधिकारी जीवाने कोणाकडे जावे? नित्य परमेश्वराची लीळा अनित्य देहांच्या स्मृतीत ठेवलेली होती, आणि ते देह एकेक करून पडणार होते. आचार्यांचे मनन त्यांच्या स्वतःच्या कल्याणास पुरेसे होते. म्हाइंभटांच्या विनंतीने ते सर्वांचे झाले. आम्हांस तर ही विनंती ग्रंथरचनेहूनही थोर वाटते.

आचार्यांनी लीळा सांगाव्या व म्हाइंभटांनी त्या लिहाव्या, असा क्रम सहा महिने चालला, असे परंपरा सांगते. इतक्याने पंडितांचे समाधान झाले नाही. एका मनुष्याने, मग तो आचार्यांसारखा का असेना, सर्व लीळा पाहिलेल्या नसतात. म्हणून ज्यांस ज्यांस स्वामींची भेट घडली होती, त्यांच्या त्यांच्या गावी म्हाइंभट स्वतः गेले आणि त्यांच्या तोंडून लीळा ऐकल्या. ज्या पंडिताच्या दाराशी पूर्वी विद्यार्थी यावेत, तो आता अक्षरशून्य माणसाच्या दाराशी श्रोता म्हणून उभा राहिला. अभिमान गळाला म्हणजे काय झाले, हे येथे दिसते.

लीळाचरित्राची भाषा पाहावी. संस्कृतात लीलया लिहू शकणाऱ्या या विद्वानाने अलंकार बाजूस ठेवले आणि सांगणाऱ्याच्या मुखातील मऱ्हाटी जशीच्या तशी उतरवली. स्वामी कोणत्या देवळात उतरले, चौकात बसले की पटीसाळेवर, सोबत बाइसा होत्या की आणखी कोणी, प्रसाद कोणास दिला, हे सर्व त्यांनी टिपले. एखाद्यास हा तपशील क्षुल्लक वाटेल. परंतु स्मरण करणाऱ्याच्या मनापुढे मूर्ती उभी राहते ती अशाच तपशिलाने. नुसत्या स्तुतीने ती उभी राहत नाही. पुढे केशिराजबासांनी याच संग्रहातून सर्वज्ञांची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला आणि एकशे चौदा दृष्टांतांचा दृष्टांतपाठ रचला. आपले सर्व शास्त्र त्या सहा महिन्यांच्या बैठकीचे किती ऋणी आहे, हे यावरून समजावे.

शके १२०९ (इ. स. १२८७) च्या सुमारास श्रीगोविंदप्रभूंनीही देह ठेवला. म्हाइंभटांनी पुन्हा लेखणी धरली आणि प्रभूंच्या लीळांचे चरित्र लिहिले. तेच ऋद्धिपूरलीळा या नावाने आपण वाचतो. शके १२२४ (इ. स. १३०२) मध्ये आचार्यही गेले. ज्या मुखातून लीळा निघाल्या ते मुख मिटले. तोवर लीळा पोथीत उतरल्या होत्या.

पण पोथी तरी नित्य कोठे असते? ती कागदाची, प्रपंचाचेच कार्य. अल्लाउद्दीन खिलजीने इ. स. १२९६ मध्ये देवगिरीवर चाल केली आणि पुढे पाव शतकाच्या आत यादवांचे राज्य लयास गेले. त्या परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत हरपली. म्हाइंभटांनी जे भय ओळखले होते, ते दुसऱ्या रूपाने पुढे ठाकले. तेव्हा कामास आला तो पुन्हा मनुष्याचा कंठ. हिराइसांस ग्रंथ मुखोद्गत होता. इतरांसही त्याचे भाग पाठ होते. त्यांच्या स्मरणातून लीळा पुन्हा लिहिल्या गेल्या. पाठापाठांत भेद पडले, परंतु त्या काळच्या साधकांनी एकाचा पाठ खरा ठरवून दुसऱ्याचा पुसून टाकला नाही. हिराइसांची वासना, परशरामबासांची वासना, रामेश्वरबासांची वासना, असे ज्याचे स्मरण त्याच्या नावे नोंदून ठेवले, आणि जुन्या पोथ्यांत ती नावे आजही लीळांसोबत वाचावयास मिळतात.