हात धुवायला लावणारा डॉक्टर

स्मरणिकेसाठी यंदा एखाद्या मोठ्या माणसाचे चरित्र लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला. आपल्याकडच्या थोर व्यक्तींवर दरवर्षी कुणी ना कुणी लिहितेच, म्हणून मी माझ्या पेशाशी नाते असलेला माणूस निवडला. माझी सारी नोकरी महाराष्ट्राबाहेरच्या रुग्णालयांत, प्रशासन विभागात झाली. त्या काळात ज्याची आठवण मला वारंवार होत असे, तो म्हणजे हंगेरीचा डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस. आपल्यातल्या डॉक्टर मंडळींना हे नाव ठाऊक आहेच. इतरांच्याही 2020 साली, करोनाच्या दिवसांत, ते कानावर पडले असेल.

सेमेलवाइस यांचा जन्म 1 जुलै 1818 रोजी बुडा गावी, म्हणजे आजच्या बुडापेस्टच्या एका भागात झाला. वडिलांचा किराणा मालाचा व्यापार होता. मुलगा कायदा शिकायला व्हिएन्नाला गेला आणि वैद्यकाकडे वळला. जुलै 1846 मध्ये व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, प्रसूती विभागाचे प्रमुख प्राध्यापक योहान क्लाइन यांच्या हाताखाली ते साहाय्यक म्हणून रुजू झाले.

तिथे गोरगरीब आणि अविवाहित बायकांची बाळंतपणे फुकट होत. विभाग दोन. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. एक दिवस एका विभागात भरती, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यात. 1846 साली पहिल्या विभागात 4010 बाळंतपणांमागे 459 बायका दगावल्या, दुसऱ्यात 3754 मागे 105. कारण बाळंतज्वर. शहरातल्या बायकांना हा फरक आकडे न पाहताही माहीत होता. चुकीच्या वारी पोट दुखू लागले की पहिल्या विभागात नका नेऊ म्हणून त्या गुडघे टेकून विनवण्या करीत. वाटेत, रस्त्यावर बाळंत होऊन आलेल्या बायकाही त्या विभागातल्या बायकांपेक्षा कमी मरत.

सरकारने चौकशी समिती नेमली. समितीचा निष्कर्ष असा, की विद्यार्थी, त्यातही परदेशी विद्यार्थी, तपासणी आडदांडपणे करतात. म्हणून विद्यार्थ्यांची संख्या 42 वरून 20 वर आणली आणि परदेशीयांना जवळजवळ दारच बंद केले. आपण सारे परप्रांतात संसार मांडलेले लोक. काही बिघडले की बाहेरून आलेल्याकडे पहिले बोट कसे जाते, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. काही महिने मृत्यू कमी झाले खरे, पण एप्रिल 1847 मध्ये प्रमाण पुन्हा शेकडा 18 च्या वर गेले. माणसे बदलली तरी कामाची रीत तीच राहिली होती.

सेमेलवाइस यांनी गुन्हेगार शोधण्याऐवजी फरक शोधला. हवा दोन्हीकडे एकच, गर्दी दुसऱ्या विभागात उलट जास्त. बाळंतिणीला कुशीवर निजवून पाहिले. शेवटच्या संस्काराला निघालेल्या पाद्र्याच्या घंटेने बायका घाबरतात म्हणावे, तर त्याची वाट बदलून घंटा बंद करवली. काहीच फरक नाही. मार्च 1847 मध्ये त्यांचे स्नेही, न्यायवैद्यकाचे प्राध्यापक कोलेत्श्का वारले. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्यांचा शवचिकित्सा अहवाल सेमेलवाइस यांनी वाचला आणि त्यांना त्यात बाळंतज्वराचीच लक्षणे दिसली. मग उलगडा झाला. विद्यार्थी आणि डॉक्टर सकाळी प्रेते फाडत आणि त्याच हातांनी प्रसूतिगृहात येत. सुइणींचा प्रेतांशी संबंध नव्हता.

यापुढची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. शवविच्छेदन सर्वांत मन लावून कोण करीत होते? स्वतः सेमेलवाइस. या बायका का मरतात हे कळावे म्हणून ते रोज सकाळी त्यांचीच प्रेते तपासत. म्हणजे जितकी निष्ठा अधिक, तितके बळी अधिक. हे त्यांनी लपवले नाही. आपल्या हातून किती बायका अकाली गेल्या ते देवच जाणे, अशी कबुली त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात दिली. वरिष्ठाने चुकीचा पहिला वाटा स्वतःच्या नावावर मांडला की हाताखालच्यांची जीभ सैल होते, हे मी नोकरीत फार थोड्या वेळा पाहिले. पण जेव्हा पाहिले तेव्हा त्याचा गुण लगेच आलेला पाहिला.

मे 1847 च्या मध्यात प्रसूतिगृहात शिरण्यापूर्वी क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम झाला. पुढे त्याऐवजी स्वस्त पडणारा क्लोरीनयुक्त चुना आला, म्हणजे आपण विहिरीत टाकतो तीच ब्लीचिंग पावडर. प्रेताचा वास हातावरून जाईपर्यंत धुवायचे. जूनमध्ये मृत्यू शेकडा 2 च्या आसपास आले. ऑक्टोबरात मात्र एका रांगेतल्या बारा बाळंतिणींपैकी अकरा गेल्या. रांगेच्या तोंडाशी गर्भाशयाच्या कर्करोगाची एक रुग्ण होती आणि तिला तपासलेले हात तसेच पुढे गेले होते. त्यांनी कुणाला निलंबित केले नाही, नियम दुरुस्त केला : आता दर रुग्णानंतर हात धुवायचे. 1848 साली 3556 बाळंतपणांमागे 45 मृत्यू, म्हणजे पहिला विभाग सुइणींच्या विभागाच्या बरोबरीला आला.

एवढे झाल्यावर त्यांचा सत्कार व्हायला हवा होता. पण क्लाइन यांच्या जागी बसून पाहा. त्यांच्या आधीच्या प्रमुखांच्या काळात विद्यार्थी प्रेतावर न शिकता पुतळ्यावर शिकत आणि बाळंतज्वर अगदी थोडा होता. हे खरे मानायचे तर पंचवीस वर्षांचे मृत्यू स्वतःच्या कारभाराच्या खाती लिहावे लागले असते. त्यांनी ते मानले नाही. श्कोडा या नामवंत प्राध्यापकाने निःपक्ष समिती सुचवली, तीही झाली नाही. मार्च 1849 मध्ये सेमेलवाइस यांची मुदत संपली आणि ती वाढवून मिळाली नाही.

ज्यांनी मानले त्यांचेही सोपे नव्हते. जर्मनीत कील इथे मिखाएलिस या प्राध्यापकांनी हात धुण्याची पद्धत सुरू केली आणि मृत्यू घटले. पण त्याआधी त्यांची एक चुलतबहीण त्यांच्याच देखरेखीखालच्या बाळंतपणानंतर गेली होती. तिला आपणच मारले या विचाराने त्यांनी 1848 मध्ये आगगाडीखाली जीव दिला. त्यांना धीर देणारी कोणतीही व्यवस्था तेव्हा नव्हती.

आजही ती सगळीकडे आहे असे नाही. मी पाहिलेल्या एका रुग्णालयात (नाव नको) रात्रपाळीच्या एका नर्सकडून औषधाची मात्रा चुकली. तिने स्वतः येऊन सांगितले. रुग्ण बरा झाला, पण ती निलंबित झाली. सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या मात्र कपाटात शेजारी शेजारीच राहिल्या. त्यानंतर कित्येक महिने त्या वॉर्डातून चुकीची एकही नोंद आली नाही आणि व्यवस्थापनाने ते सुधारणेचे लक्षण मानले! आता मानांकनासाठी घटनांची नोंद ठेवावीच लागते. वही आली, पण लिहिणाऱ्याच्या मनातली भीती गेली का, हे वहीकडे पाहून कळत नाही.

सेमेलवाइस यांना देवत्व देण्याचा माझा इरादा नाही. लिहिण्याचा त्यांना कंटाळा. सुरुवातीचे लेख त्यांच्यासाठी हेब्रा या मित्राने लिहिले. ऑक्टोबर 1850 मध्ये ते मित्रांचा निरोपही न घेता व्हिएन्ना सोडून निघून गेले आणि पाठीराखे दुखावले. ग्रंथ छापून आला तो 1861 साली, चौदा वर्षांनी. त्यावर टीका झाली तेव्हा त्यांनी युरोपातल्या नामवंत प्राध्यापकांना खुली पत्रे छापली आणि त्यांत त्यांना खुनी ठरवले. स्वतःच्या चुकीबद्दल ज्या शांतपणे ते बोलले तो शांतपणा दुसऱ्यांच्या वाट्याला आला नाही. बायका मरत होत्या, तेव्हा त्यांचा संताप मला समजतो. पण त्या पत्रांनी किती हात धुतले गेले असतील याची शंका वाटते.

मायदेशी त्यांचे काम मात्र चोख होते. पेस्टच्या सेंट रोकुश रुग्णालयात 1851 पासून सहा वर्षे त्यांनी बिनपगारी प्रमुख म्हणून प्रसूती विभाग सांभाळला. 933 बाळंतपणांत बाळंतज्वराने आठ मृत्यू. 1855 मध्ये ते तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्या विभागात पुन्हा बायका दगावू लागल्या तेव्हा त्यांना आढळले, की धुऊन आलेल्या म्हणून ज्या चादरी अंथरल्या जातात, त्यांवर आधीचे डाग तसेच आहेत. ते त्या घाण चादरी घेऊन थेट वरच्या अधिकाऱ्यासमोर गेले. खर्च कमी करणारा कंत्राटदार कुणी नेमला, हे त्यांना बरोबर ठाऊक होते.

1865 च्या उन्हाळ्यात त्यांचे मन ताळ्यावर राहिले नाही. नवे रुग्णालय दाखवतो असे सांगून त्यांना व्हिएन्नाच्या वेड्यांच्या इस्पितळात नेले. नेणारा तोच मित्र, हेब्रा. पळू पाहताच रखवालदारांनी मारहाण केली. दोन आठवड्यांत, 13 ऑगस्टला, जखम चिघळून विष अंगभर भिनले आणि ते गेले. वय 47. प्रेताची चिकित्सा झाली ती त्यांच्या जुन्या सरकारी रुग्णालयातच. बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले 1969 साली.