गाडीचा रंग उन्हात का फसतो? मॅक्सवेलची गोष्ट

माझ्या राखाडी गाडीच्या डाव्या दाराला टेम्पो घासून गेला. डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली दार मूळच्यासारखंच दिसत होतं, म्हणून पैसे देऊन निघालो. बाहेर उन्हात बघतो तर दार हिरवट! पेंटरने स्टिकरवरचा रंगाचा कोड बघूनच रंग बनवला होता. मग चुकलं कुठे? उत्तर शोधताना मी जाऊन पोचलो जेम्स क्लार्क मॅक्सवेलपाशी. विद्युतचुंबकत्वाच्या समीकरणांमुळे आपण ज्याला ओळखतो, तोच.

जन्म १३ जून १८३१, एडिंबरा. आठ वर्षांचा असताना त्याची आई पोटाच्या कॅन्सरने गेली. शाळेत पोरं त्याला खुळा म्हणून चिडवायची. चौदाव्या वर्षी या खुळ्याचा भूमितीवरचा निबंध एडिंबराच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला. तो लहान होता, म्हणून प्राध्यापक फोर्ब्स यांनी वाचला. हेच फोर्ब्स रंगीत चकत्या गरगर फिरवून प्रयोग करायचे. ते वेड मॅक्सवेलला लागलं.

त्याची युक्ती साधी होती. रंगीत कागदाच्या गोल चकत्या घ्यायच्या, प्रत्येकीला मध्यापासून कडेपर्यंत एक चीर द्यायची. चिरेतून त्या एकमेकींत अडकवल्या की कुठला रंग किती दिसावा हे कमी-जास्त करता येतं. कडेला शंभर भागांची पट्टी. भोवरा जोरात फिरवला की सगळे रंग डोळ्यात मिसळून एकच दिसतो. (डब्यात रंग कालवणं वेगळं. पिवळ्यात निळा कालवला तर हिरवा होतो, भोवऱ्यावर होत नाही. हेही त्याने नीट मांडलं.)

१८५५ च्या निबंधातला त्याचा एक हिशोब बघा. शेंदरी ३७ भाग, निळा २७, हिरवा ३६. दुसरीकडे पांढरा २८ आणि काळा ७२. फिरवल्यावर दोन्ही एकसारखे राखाडी! माल पूर्ण वेगळा, दिसायला एकच रंग. आणि दिवसाच्या उजेडात जुळलेला हिशोब गॅसच्या दिव्याखाली जुळेना, आकडे बदलावे लागले.

माझ्या दाराचं नेमकं हेच झालं होतं. आपला डोळा रंग तीन प्रकारच्या पेशींनी मोजतो. थॉमस यंगने ही कल्पना आधीच मांडली होती, मॅक्सवेलने तिला आकडे दिले. दोन रंगांकडून येणारे तिन्ही आकडे सारखे असले की मेंदूला रंग एकच वाटतो. कंपनीच्या आणि पेंटरच्या रंगातली रंगद्रव्यं वेगळी असली, तर ट्यूबलाइटमध्ये जुळलेले आकडे उन्हात फिसकटू शकतात. याला मेटामेरिझम म्हणतात.

१८६० हे त्याचं विचित्र वर्ष. अॅबर्डीनची दोन कॉलेजं एक झाली आणि त्याची नोकरी गेली. त्याच वर्षी रंगांच्या कामासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीचं रमफर्ड पदक मिळालं. पुढे लंडनच्या घरात तो एका लांबलचक पेटीत तासन्‌तास डोळा लावून बसायचा. शेजाऱ्यांना वाटे, हा शवपेटीत डोकावतोय! बायको कॅथरीनही निरीक्षणं घ्यायची, आणि तिचे आकडे त्याच्याशी तंतोतंत जुळत नसत. (माझ्या घरीही दाराच्या हिरवटपणावर एकमत नाहीच.)

१८६१ मध्ये त्याने लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून काढलेले एका रंगीत फितीचे फोटो पडद्यावर एकत्र टाकून रंगीत चित्र दाखवलं. गंमत म्हणजे त्या काळच्या काचांवर लाल उजेड उमटतच नसे. फितीच्या लाल भागातून परतलेल्या अतिनील किरणांनी काम भागवलं, हे शंभर वर्षांनी कळलं.

१८७९ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तोही आईच्याच आजाराने गेला.

आता मोठ्या गॅरेजमध्ये स्पेक्ट्रोफोटोमीटर असतं. मेटॅलिक रंग ते वेगवेगळ्या कोनांतून मोजतं, कारण त्यातले चमकीचे कण प्रत्येक कोनातून वेगळे दिसतात. माझ्या पेंटरकडे ते नव्हतं. दुसऱ्या खेपेला मीच हट्ट धरला: आधी कार्डांवर स्प्रे कर, सुकू दे, मग गाडीशेजारी उन्हात धरू. तिसरं कार्ड उन्हातही जुळलं, ट्यूबलाइटखालीही. मग त्याने दार रंगवलं आणि शेजारच्या फेंडरवर रंग थोडा विरत नेला, म्हणजे जोड दिसू नये.