प्रीतिसंगमावरची संध्याकाळ

सुट्टीत मित्राकडे कराडला गेलो होतो. संध्याकाळी कृष्णा-कोयनेच्या संगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी पाहिली. नाव शाळेपासून पाठ, पण माणूस? खरं सांगतो, काहीच माहीत नव्हतं. मग वाचत गेलो.

१९१३ साली देवराष्ट्रे गावात जन्म. वडील लवकर गेले, आई विठाईनं वाढवलं. शाळेत असतानाच, १९३२ मध्ये तुरुंगवास. १९५६ ला मुख्यमंत्री झाले, तेही द्वैभाषिक मुंबई राज्याचे! संयुक्त महाराष्ट्रवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, १९५७ ला कराडची जागा कशीबशी राखली. तरी १ मे १९६० ला नव्या महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री तेच. १९६२ च्या चीन युद्धात दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र.

आणि मग उतार. काँग्रेस फुटली, ते इंदिराजींच्या विरोधात राहिले. १९७९ चं उपपंतप्रधानपद औटघटकेचं ठरलं. १९८० ला राज्यातून त्यांच्या पक्षाचे ते एकटेच लोकसभेत. नंतर इंदिराजींकडे परतले, पण मंत्रिपद मिळालं नाही. १९८३ मध्ये वेणूताई गेल्या, २५ नोव्हेंबर १९८४ ला तेही.

वाटलं, एवढं करून शेवटी काय उरलं? मित्राला विचारलं. तो म्हणाला, त्याचे आजोबा घरातले पहिले पदवीधर. वर्षाला १२०० रुपयांहून कमी उत्पन्न असणाऱ्यांच्या मुलांना यशवंतरावांच्या सरकारनं फी माफ केली, म्हणून शिकले.

मित्रांनो, खुर्ची गेली. हे मात्र उरलं!