घड्याळाशी शर्यत : सेमूर क्रे

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय, हे आपल्या होस्टेलमध्ये कुणाला समजावून सांगायला नको. परीक्षा संपली की बायोस उघडायचं, मल्टिप्लायर वाढवायचा आणि रात्रभर टेस्ट लावून ठेवायची! आमच्या विंगमधल्या एकाने असाच ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ४.६ वर नेला. वेग १५ टक्क्यांनी वाढला. पण फायनल इयरच्या प्रोजेक्टचं १०० मिनिटांचं सिम्युलेशन ९५ मिनिटांवरच अडलं. नव्या कूलरला घरून आलेले पैसे गेले ते वेगळेच. बिचारा हिरमुसला. त्याची अडचण समजून घेताना मला एका माणसाचं चरित्र फार उपयोगी पडलं. तो माणूस म्हणजे सुपरकॉम्प्युटरचे जनक सेमूर क्रे.

क्रे यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ रोजी अमेरिकेतल्या चिपेवा फॉल्स या लहानशा गावी झाला. वडील सिव्हिल इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात रेडिओचं काम केल्यावर क्रे यांनी मिनेसोटा विद्यापीठातून इलेक्ट्रिकलची पदवी घेतली आणि १९५१ साली उपयोजित गणितात एम. एस. केलं. पुढे कंट्रोल डेटा कंपनीत नाव झालं, तेव्हा त्यांनी आपली प्रयोगशाळा थेट गावाकडे हलवली. मोठं काम करायचं तर पुण्या-मुंबईलाच गेलं पाहिजे, असं मानणाऱ्या आपल्या नांदेड-लातूरच्या पोरांनी हे जरूर लक्षात ठेवावं!

तिथेच सीडीसी ६६०० जन्माला आला. साल १९६४. घड्याळ फक्त १० मेगाहर्ट्झचं! तरीही तो त्या काळी जगातला सर्वांत वेगवान संगणक ठरला. कारण मुख्य प्रोसेसर रिकामा बसू नये याची क्रे यांनी चोख व्यवस्था केली होती. माहिती आत-बाहेर नेण्याचं हमालीचं काम १० छोट्या प्रोसेसरांकडे दिलं आणि उष्णता काढायला फ्रिजसारखा फ्रेऑन वायू खेळवला.

१९६९ च्या ७६०० नंतर मात्र ठेच लागली. पुढच्या ८६०० मध्ये वेगासाठी भाग इतके दाटीवाटीने बसवले, की उष्णता आणि बिघाड काही केल्या आवरेनात. १९७२ मध्ये क्रे बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची क्रे रिसर्च कंपनी काढली.

१९७६ चा क्रे-१ म्हणजे त्यांच्या अनुभवाचं सार. घड्याळ ८० मेगाहर्ट्झ, म्हणजे ७६०० च्या सव्वादोन पट. पण एकदा वापरलेला मेमरीचा भाग पुन्हा तयार व्हायला घड्याळाचे ४ ठोके लागत. मग प्रोसेसर पळवून काय उपयोग? म्हणून मेमरी १६ भागांत वाटली; एक भाग गुंतलेला असला तरी दुसरा तयार! सिग्नलला तारेतून जायलाही वेळ लागतो, म्हणून तारा आखूड राहाव्यात यासाठी यंत्राचा आकारच इंग्रजी सी अक्षरासारखा गोल केला.

आता आमच्या मित्राचा हिशोब पाहा. १०० मिनिटांपैकी ४० मिनिटंच प्रोसेसर खरा राबत असेल आणि उरलेली ६० रॅमची नि डिस्कची वाट बघण्यात जात असतील, तर १५ टक्के वेगाने ४० ची जेमतेम ३५ होतील. ६० तशीच राहतील. एकूण ९५! जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला नियम तो हाच.

क्रे यांची शेवटची वर्षं मात्र चटका लावतात. १९८५ च्या क्रे-२ मध्ये त्यांनी अख्खी सर्किटं थंड द्रवात बुडवली. क्रे-३ साठी सिलिकॉन सोडून गॅलियम आर्सेनाइड धरलं. घड्याळ ५०० मेगाहर्ट्झचं. पण विक्री झालीच नाही आणि १९९५ मध्ये त्यांची नवी कंपनी दिवाळखोरीत गेली. तोवर जगाने वाट बदलली होती : साधे प्रोसेसर, पण पुष्कळ आणि एकत्र. भारताला हवा तो शक्तिशाली क्रे संगणक द्यायला अमेरिकेने खळखळ केली, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये तिने याच वाटेने परम ८००० बनवला. १९९६ मध्ये क्रे यांनीही अनेक प्रोसेसरांच्या यंत्रासाठी पुन्हा नवी कंपनी काढली. वय ७० च्या पुढे! पण सप्टेंबरमध्ये मोटार अपघात झाला आणि ५ ऑक्टोबर १९९६ रोजी ते गेले.

तेव्हा ज्युनिअर मित्रांनो, वेग वाढवूनही काम पळत नसेल तर आधी तापमान बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. हवेवरचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही आणि तापलेला प्रोसेसर आपोआप वेग उतरवतो. मग पॉवर लिमिट बघा, रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालते का ते तपासा. एका वेळी एकच बदल करा, प्रत्येक वेळी मोजा आणि वहीत लिहा. प्रोसेसर कुणाची वाट बघतोय ते एकदा सापडलं, की पैसे कुठे घालायचे हे आपोआप कळतं. कदाचित ते रॅमवर घालावे लागतील, किंवा फक्त प्रोग्राम नीट लिहावा लागेल. त्याला तर पैसेही लागत नाहीत!