तिकिटं विकणारा नायक

राजा गोसावी हे नाव आपल्या आजी-आजोबांना विचारून बघा. नाव ऐकताच ते हसायला लागतील. हा थोर विनोदी नट आपल्या सातारा जिल्ह्यातला. खटाव तालुक्यातल्या सिद्धेश्वर कुरोली या गावी २८ मार्च १९२५ रोजी त्यांचा जन्म झाला.

लहान वयातच ते घर सोडून मुंबईला गेले. मास्टर विनायक यांच्या चित्रपट कंपनीत पडेल ते काम त्यांनी केलं. निरोप पोचवले, सामान उचललं, रंगभूषेला मदत केली, कधी गर्दीत उभे राहिले. १९४७ साली मास्टर विनायक वारले. मग राजाभाऊ पुण्याला आले. पोटासाठी भानुविलास थिएटरात तिकिटं विकू लागले.

१९५२ साली ‘लाखाची गोष्ट’ हा चित्रपट आला. तो लिहिला होता माडगूळचे, म्हणजे आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले ग. दि. माडगूळकर यांनी. ठरलेल्या मुदतीत लाख रुपये खर्चून दाखवायचे, अशी ती गंमत. राजा परांजपे यांनी तो काढला आणि त्यात राजाभाऊंना नायक केलं. चित्रपट लागला भानुविलासलाच! पडद्यावर जो नायक, तोच खाली खिडकीत बसून तिकिटं देतोय. लोक बघतच राहिले. पण राजाभाऊंना त्याची लाज वाटली नाही.

पुढं ‘गंगेत घोडं न्हालं’ (१९५५), ‘गाठ पडली ठका ठका’ (१९५६) असे चित्रपट गाजले. पण दिवस सारखे राहत नाहीत. काळ बदलला, नवे नायक आले, चित्रपटातली मोठी कामं कमी झाली. म्हणून राजाभाऊ घरी बसले नाहीत. त्यांनी नाटकाची वाट धरली. ‘भावबंधन’, ‘एकच प्याला’, ‘संशयकल्लोळ’ अशा जुन्या नाटकांतून त्यांनी गावोगावच्या लोकांना हसवलं. वय वाढलं तशी वयस्कर माणसांची कामं केली. फेब्रुवारी १९९८ मध्ये ते वारले.

आपल्या स्नेहसंमेलनात राजाचं काम एकालाच मिळतं. बाकीच्यांना भालदार व्हावं लागतं, नाहीतर पडदा ओढावा लागतो. मग काहीजण रुसून बसतात. मला वाटतं, त्यांनी भानुविलासची ती खिडकी आठवावी. पडदा ओढणाराही नाटकातलाच असतो. तो वेळेवर उघडला नाही, तर राजा दिसणार कसा?