कवी अनिल

आत्माराम रावजी देशपांडे ऊर्फ कवी अनिल (जन्म : मूर्तिजापूर, ११ सप्टेंबर १९०१, मृत्यू : ८ मे १९८२) हे मराठीतील एक श्रेष्ठ कवी आणि मराठी मुक्तछंदाचे प्रवर्तक होत. सर्वसामान्य रसिकांना ते मुख्यतः प्रेमकवी म्हणून परिचित आहेत. कुमार गंधर्व, वसंतराव देशपांडे यांसारख्या गायकांनी त्यांच्या कविता गायल्या आणि त्या घरोघर पोहोचल्या. मात्र १९३० ते १९४७ या अस्वस्थ कालखंडात त्यांनी लिहिलेली दीर्घकाव्ये त्या मानाने कमी वाचली गेली. परतंत्र देश, ढासळणारी जुनी मूल्ये आणि दुसरे महायुद्ध यांना सामोरे जाण्यासाठी मराठी कवितेने आपले रूप कसे बदलले, हे समजून घेण्यास याच दीर्घकाव्यांचा आधार घ्यावा लागतो.

वऱ्हाडातील जन्म आणि शिक्षण

अनिलांचा जन्म आजच्या अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे झाला. त्या काळी वऱ्हाड हा प्रांत कागदोपत्री निजामाचा, तर कारभारात इंग्रजांचा होता. १८५३च्या तहाने तो इंग्रजांच्या ताब्यात गेला होता आणि १९०३मध्ये, म्हणजे अनिल दोन वर्षांचे असताना, तो मध्य प्रांताला जोडण्यात आला. भुसावळ-नागपूर लोहमार्गावरील मूर्तिजापूर हे कापसाच्या व्यापाराचे गाव. परदेशातील बाजारात कापसाचा भाव चढला की वऱ्हाडात लग्नसराई जोरात होई आणि तो पडला की सावकाराचे व्याज चढे. दूरच्या जगातील उलथापालथ आपल्या दारापर्यंत येते, हे या भागातील माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नसे.

शालेय शिक्षण मूर्तिजापूर व अमरावती येथे झाल्यावर अनिल पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. अमरावती हे तेव्हा दादासाहेब खापर्डे यांच्यामुळे टिळकपक्षाचे मोठे केंद्र होते. १९२०च्या ऑगस्टमध्ये टिळकांचे निधन झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब केले. एक युग मावळून दुसरे उगवत होते, त्या वेळी अनिलांचे वय एकोणीस वर्षांचे होते. पुढे त्यांनी कायद्याची पदवी घेतली, वकिली केली आणि न्यायखात्यात नोकरीही केली. भारतीय चित्रकलेच्या अभ्यासासाठी ते काही काळ कलकत्त्यासही राहिले होते. त्यांच्या काव्यातील शिल्प व चित्र यांविषयीच्या जाणकारीचे मूळ या अभ्यासात असावे.

पुण्यात त्यांचा परिचय अमरावतीच्या कुसुम जयवंत यांच्याशी झाला. दोघांच्या विवाहपूर्व पत्रव्यवहाराचा संग्रह ‘कुसुमानिल’ या नावाने १९७२मध्ये प्रसिद्ध झाला. १९२९मध्ये त्यांचा विवाह झाला. कुसुमावतींनी लंडनच्या वेस्टफील्ड महाविद्यालयात इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला होता आणि नंतर त्या नागपूर येथे इंग्रजीच्या प्राध्यापिका झाल्या. कथाकार आणि समीक्षक म्हणून त्यांचे स्थान स्वतंत्र आहे. त्यांची ओळख केवळ कवीची पत्नी म्हणून करून देणे अन्यायाचे ठरेल.

मुक्तछंद

अनिलांचा पहिला संग्रह ‘फुलवात’ १९३२मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी मराठी कवितेवर पुण्याच्या रविकिरण मंडळाचा प्रभाव होता. वृत्ते घोटीव होती, सुनीताचे चौदा चरण मोजून बांधले जात होते आणि काव्यगायनाच्या बैठकी भरत होत्या. माधव जूलियन यांच्यासारखा छंदःशास्त्राचा साक्षेपी अभ्यासक या मंडळात होता. अशा वातावरणात चरणांची लांबी भावानुसार कमीजास्त करणारी आणि यमक सोडून देणारी रचना अनेकांना कवितेची मोडतोड वाटली.

मुक्तछंद म्हणजे छंदाचा अभाव, हा समज तेव्हाही होता आणि आजही विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत आढळतो. अनिलांचा मुक्तछंद गद्य नव्हे. बोलण्याच्या स्वाभाविक आघातांवर तोललेले काही अक्षरांचे लहान गट त्यात पुन्हा पुन्हा येतात. एका ओळीत असे किती गट यावेत याचे मात्र बंधन नसते. विचार संपतो तेथे ओळ संपते. ओवी आणि अभंग या अक्षरसंख्येवर चालणाऱ्या जुन्या मराठी छंदांशी या रचनेचे नाते आहे. गणवृत्तांच्या लघुगुरूंशी तिचा संबंध नाही. त्यामुळे परक्या भाषेतून आणलेली वस्तू असे तिचे वर्णन पुरेसे ठरत नाही. लीळाचरित्राची रचना जेथे झाली ते महानुभावांचे रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच आहे, आणि बोलीच्या लयीला वाङ्मयात मान देण्याची वऱ्हाडातील परंपरा तेथवर मागे नेता येते.

हा प्रयोग एकट्या मराठीत चालला होता असेही नाही. हिंदीत निराला वृत्तबंधनाबाहेर आले होते. ‘फुलवात’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षी रवींद्रनाथ टागोरांचा ‘पुनश्च’ हा गद्यलयीतील बंगाली संग्रह आला. टी. एस. एलियट यांचे पहिल्या महायुद्धानंतरच्या उजाड युरोपाचे चित्र रेखाटणारे इंग्रजी काव्य ‘द वेस्ट लँड’ त्याआधी दहा वर्षे प्रकाशित झाले होते. देश निराळे, कारणे निराळी. परंतु जुन्या जगाबरोबर त्याची जुनी वृत्तेही अपुरी पडू लागली, हा अनुभव समान होता. मराठीत त्याला सर्वप्रथम सातत्याने आकार दिला तो अनिलांनी.

भग्नमूर्ती

‘भग्नमूर्ती’ हे मुक्तछंदातील दीर्घकाव्य १९४०मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. एका प्राचीन, भंगलेल्या मूर्तीच्या दर्शनाने कवीचे चिंतन सुरू होते आणि ते धर्म, कला व संस्कृती यांच्या उत्कर्षापकर्षापर्यंत जाते. अशा विषयावरील काव्य त्या काळात सहज गतवैभवाचे गाणे झाले असते. पूर्वजांचा पराक्रम आठवायचा, परकीयांना दोष द्यायचा आणि पुनरुत्थानाची हाक देऊन थांबायचे, ही वाट मळलेली होती. अनिल त्या वाटेने गेले नाहीत. मूर्ती बाहेरच्या घावाने भंगली की ती घडवणाऱ्या समाजाचे आतले बळ आधीच सरले होते, या प्रश्नाशी त्यांचे चिंतन येऊन भिडते. भंगलेल्याची पूजा करीत राहावे, की नवे घडवावे, हाही प्रश्न त्यात आहे. पारतंत्र्याचे निदान शोधणाऱ्या पिढीला हे प्रश्न केवळ कलेचे नव्हते.

काव्य चिंतनपर असल्याने काही ठिकाणी विचार प्रतिमेच्या पुढे धावतो आणि रचना विवेचनासारखी होते. हा त्याचा दोष मानला पाहिजे. तरीही पानेच्या पाने चालणारे वैचारिक काव्य यमकाच्या टेकूशिवाय उभे राहू शकते, हे त्याने सिद्ध केले.

निर्वासित चिनी मुलास

७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळ चकमक झाली आणि जपानने चीनवर उघड युद्ध लादले. शांघाय पडले, डिसेंबरात नानकिंगमध्ये भीषण हत्याकांड झाले आणि लक्षावधी माणसे घरदार सोडून देशाच्या अंतर्भागाकडे चालू लागली. १९३८मध्ये काँग्रेसने चीनच्या मदतीसाठी पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस यांचे ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच निधन झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये रंगून पडले होते आणि ब्रह्मदेशातून निर्वासितांचे लोंढे हिंदुस्थानात येऊ लागले होते. ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’ आंदोलन पेटले. विदर्भात आष्टी, चिमूर, यावली ही नावे त्या उठावाने इतिहासात नोंदली गेली.

या पार्श्वभूमीवर १९४३मध्ये अनिलांचे ‘निर्वासित चिनी मुलास’ हे काव्य प्रकाशित झाले. घर आणि माणसे गमावलेल्या एका अनोळखी मुलाला उद्देशून ते लिहिले आहे. मराठी कवितेला तोवर देशभक्ती ठाऊक होती, गरिबांविषयीची कणवही ठाऊक होती. पण जे मूल आपल्या देशाचे नाही, आपल्या धर्माचे वा भाषेचे नाही, त्याच्या नावे एक संपूर्ण दीर्घकाव्य लिहिणे ही गोष्ट नवी होती. साम्राज्याच्या हव्यासाने होरपळलेले माणूसपण हा या काव्याचा विषय आहे. चीनला चिरडणारी सत्ता आशियातीलच होती. त्यामुळे पश्चिमेला दोषी ठरवून सुटका करून घेण्याची सोय येथे नव्हती. पारतंत्र्यात राहणारा हिंदी कवी परक्या मुलाशी बोलताना आपल्या लोकांच्या दुःखाशीही बोलत होता, असा अर्थ या काव्यातून काढता येतो आणि प्रकाशनाचा काळ पाहता तो ओढूनताणून काढलेला वाटत नाही.

या काव्यात मुक्तछंदाची गरज सर्वांत स्पष्ट दिसते. लहान मुलाशी कोणी शार्दूलविक्रीडितात बोलत नाही. थांबत, अडखळत, कधी आवेगाने केलेले हे संबोधन ठरावीक चरणांत बसवले असते तर त्यातील सांत्वनाला वक्तृत्वाचे रूप आले असते.

‘पेर्ते व्हा’ आणि नवकविता

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७मध्ये, ‘पेर्ते व्हा’ हा संग्रह आला. मृगाच्या तोंडावर पावशा पक्षी ओरडू लागला की शेतकऱ्याला त्याच्या आवाजात पेरणीची आज्ञा ऐकू येते. संग्रहाचे नाव त्यावरून आले आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर विजयगीताऐवजी पेरणीची आठवण द्यावी, हे कापूस-ज्वारीच्या मुलखातील कवीला साजेसेच होते.

त्याच वर्षी बा. सी. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ प्रसिद्ध झाला आणि नवकवितेचा आरंभ त्या संग्रहापासून मानण्याचा प्रघात पडला. मर्ढेकरांनी यंत्रयुगातील माणसाचे तुटलेपण मांडले. विशेष म्हणजे त्यासाठी त्यांनी अनेकदा अभंग-ओवीची जुनीच चौकट वापरली. अनिलांनी चौकट मोडली, पण माणसावरील विश्वास सोडला नाही. म्हणून समीक्षेने मर्ढेकरांना आधुनिक म्हटले आणि अनिलांना संधिकालात ठेवले. ही विभागणी सोयीची असली तरी पूर्ण नाही. १९४९मध्ये आलेल्या शरच्चंद्र मुक्तिबोध यांच्या ‘नवी मळवाट’पासून पुढे सामाजिक आशयाच्या मराठी कवितेने मुक्तछंदाचा जो आश्रय घेतला, त्याची भूमी अनिलांनी आधीच नांगरून ठेवली होती.

उत्तरायुष्य

स्वातंत्र्यानंतर अनिल समाजशिक्षणाच्या क्षेत्रात आले आणि दिल्लीच्या राष्ट्रीय मूलभूत शिक्षण केंद्राचे संचालक झाले. १९५८मध्ये मालवण येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९६१च्या ग्वाल्हेर संमेलनाचे अध्यक्षपद कुसुमावतींना मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. त्याच वर्षी १७ नोव्हेंबर रोजी त्यांचे निधन झाले. ‘सांगाती’ हा अनिलांचा संग्रहही १९६१मधीलच आहे.

यानंतरच्या काळात अनिल पुन्हा बांधीव रचनेकडे वळले. दहा ओळींच्या ‘दशपदी’ या काव्यप्रकाराची त्यांनी निर्मिती केली. ज्याने ओळींना मोकळे केले त्यानेच त्यांची संख्या ठरवून घ्यावी, याचे काहींना नवल वाटले. परंतु मुक्तछंद हा त्यांच्यासाठी कधीच बंडाचा झेंडा नव्हता. युद्धाविषयी बोलताना जी ऐसपैस जागा लागली, ती एकाकी वृद्धत्वाविषयी बोलताना लागली नाही, एवढेच. ‘दशपदी’ हा संग्रह १९७६मध्ये प्रकाशित झाला आणि त्यास १९७७चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ८ मे १९८२ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, अनिलांचे निधन झाले.